शंभरांतला एक भाग : मुंबईच्या गॅसबत्तीची हकीकत

मुंबईचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे किल्ला, गोदी, कापूस आणि गिरण्या यांचीं नांवें आधीं ओठांवर येतात. रात्रीं या शहरानें कशाच्या उजेडांत पाहिलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु दिव्याचा इतिहास हा माणसांचाच इतिहास असतो; आणि मुंबईच्या एका दिव्याच्या पोटीं पदार्थविज्ञानांतील असें एक मर्म दडलेलें आहे, कीं तें समजून घेतल्यावर शुद्ध आणि अशुद्ध या शब्दांविषयींची आपली समजूत थोडी बदलावी लागते. तो दिवा म्हणजे गॅसबत्ती, आणि तें मर्म तिच्या पांढऱ्या जाळींत आहे. या जाळीची हकीकत लालबागच्या गॅस कंपनीपासून प्रभादेवीपर्यंत येते. वाटेंत मात्र तिला व्हिएन्ना आणि त्रावणकोर येथें जाऊन यावें लागतें.

मुंबईंत कोळशाच्या गॅसचा दिवा प्रथम लावला तो एका हिंदी गृहस्थानें. वाडिया घराण्यांतील अर्देशीर करसेटजी यांनीं 1834 सालीं माझगांव येथील आपला बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनीं उजळून दाखविली. हेच अर्देशीर पुढें 1841 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सभासद झाले. पण एका सद्‌गृहस्थाच्या बंगल्यांतील नवल आणि शहराच्या रस्त्यावरील सोय यांत एका पिढीचें अंतर पडलें. सार्वजनिक रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यानें लागले ते 7 ऑक्टोबर 1865 रोजीं.

हा गॅस बाँबे गॅस कंपनीच्या परळ-लालबाग येथील कारखान्यांत तयार होई. बंद भट्टींत दगडी कोळसा तापवावयाचा, त्यांतून निघणारा धूर पाण्यानें व चुन्यानें धुऊन घ्यावयाचा, मागें राहिलेला कोक व डांबर वेगळें विकावयाचें, आणि स्वच्छ झालेला गॅस पाण्यावर तरंगणाऱ्या प्रचंड लोखंडी टांक्यांत सांठवून जमिनीखालच्या नळांनीं शहरभर खेळवावयाचा, अशी ही रीत होती. टांकी भरली कीं वर चढे, रिकामी होऊं लागली कीं खालीं बसे. लालबागेंत गॅस कंपनी लेन हें नांव अजून राहिलें आहे, तें त्या कारखान्याचेंच.

दिवेलागणीच्या सुमारास म्युनिसिपालिटीचा माणूस खांबामागून खांब दिवे लावीत जाई आणि पहांटे तो पुन्हां ते विझवीत येई. परंतु त्या पहिल्या काळांतील गॅसचा दिवा म्हणजे उघडी ज्योत होती. ज्योत उजेड देते याचें कारण असें, कीं तिच्यांत न जळलेल्या कोळशाचे सूक्ष्म कण लाल-पिंवळे तापून चमकत असतात. म्हणजे जो उजेड मिळे तो काजळीचाच उजेड. तो पिंवळट असे, वाऱ्यानें हेलकावे खाई, कांच काळी करी, आणि जळलेल्या गॅसपैकीं बहुतेक सर्व शक्ति नुसत्या उष्णतेंत वायां जाई.

इतक्यांत प्रतिस्पर्धी उभा राहिला. 1879 सालीं एडिसननें विजेचा टिकाऊ दिवा करून दाखविला, आणि 1882 सालीं मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले. ती वीज पुरविणारी कंपनी लौकरच बुडाली आणि मंडईंत पुन्हां गॅस आला, ही गोष्ट निराळी. पण जगभरच्या गॅस कंपन्यांना इशारा मिळावयाचा तो मिळाला. गॅसच्या ज्योतीचा उजेड वाढविल्याशिवाय गॅसच्या धंद्याला आयुष्य उरलें नव्हतें. तो उजेड वाढविला तो ऑस्ट्रियांतील कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञानें.

वेल्सबाख यांचा जन्म 1858 सालचा. जर्मनींतील हायडेलबर्ग येथें बुन्सेन या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. ज्यांना दुर्मिळ मृत्तिका म्हणतात, अशा धातूंच्या भस्मांचा अभ्यास हा त्यांचा विषय होता. धातूचा प्राणवायूशीं संयोग होऊन जो पदार्थ तयार होतो त्यास रसायनशास्त्रज्ञ ऑक्साइड म्हणतात. येथें सोयीसाठीं त्यास भस्म म्हटलें आहे. हीं भस्में बुन्सेनच्या निळ्या, धूररहित ज्योतींत धरलीं असतां लख्ख चमकतात, हें वेल्सबाख यांच्या ध्यानांत आलें. मग त्यांनीं एक साधी युक्ति योजिली. या धातूंच्या क्षारांच्या द्रावणांत सुती कापड भिजवावयाचें, वाळवावयाचें आणि पेटवून द्यावयाचें. कापूस जळून जातो. क्षाराचें भस्म मात्र कापडाच्या विणीचाच आकार घेऊन मागें राहतें. धागा गेला आणि धाग्याची राखेची प्रतिमा राहिली. ही जाळी ज्योतीवर बसविली कीं ज्योत स्वतः न चमकतां जाळी चमकते.

1885 सालीं त्यांनीं या जाळीचें पेटंट घेतलें. ती मुख्यतः मॅग्नेशियमच्या भस्माची असून तींत लँथेनम व इट्रियम यांचीं भस्में मिसळलेलीं होतीं. उजेड पडला, पण तो हिरवट होता. त्यांत माणसांचे चेहरे आजाऱ्यासारखे दिसत. शिवाय जाळी फार ठिसूळ होती. व्हिएन्नाजवळ काढलेला कारखाना 1889 सालीं बंद पडला. सामान्य मनुष्य येथें थांबला असता. वेल्सबाख थांबले नाहींत. त्यांनीं थोरियम या धातूचें भस्म घेऊन पुन्हां प्रयोग आरंभिले.

येथेंच या कथेचें मर्म आहे. थोरियमचें भस्म प्रथम हातीं आलें तेव्हां त्याच्या जाळीनें बऱ्यापैकीं उजेड दिला. उजेड चांगला आहे, तेव्हां पदार्थ अधिक शुद्ध केला म्हणजे उजेड आणखी वाढेल, असें कोणालाही वाटावें. वेल्सबाख यांनीं थोरियम पुन्हां पुन्हां शुद्ध केलें. पण प्रत्येक शुद्धीबरोबर उजेड उतरत गेला. जितका पदार्थ निर्मळ, तितका दिवा मंद! सोन्याला ताव दिला कीं तें उजळतें हें सर्वांस ठाऊक आहे. येथें मात्र उलटा न्याय दिसूं लागला. दुसरा एखादा संशोधक आपल्या हातून कांहीं तरी चूक होत आहे असें समजून स्वस्थ बसला असता. वेल्सबाख यांनीं मात्र जें काढून टाकलें होतें त्याचाच शोध घेतला. शुद्धीकरणांत थोरियमपासून वेगळा होत होता तो सीरियम नांवाचा दुसरा एक धातु. त्याचें भस्म किंचित् परत मिसळतांच जाळी पुन्हां उजळली. किती मिसळावें याचा शोध करतां करतां प्रमाण ठरलें तें असें : 99 भाग थोरियमचें भस्म आणि 1 भाग सीरियमचें. 4 नोव्हेंबर 1891 रोजीं व्हिएन्नांतील एका कॉफीगृहाबाहेर ही नवी बत्ती लोकांसमोर लागली, आणि गॅसच्या धंद्याला पुढें कित्येक वर्षांचें जीवदान मिळालें.

शंभरांतला एक भाग एवढी किमया कशी करतो? याचें उत्तर प्रकाशाच्या शास्त्रांत आहे. तापलेला प्रत्येक पदार्थ किरण बाहेर टाकतो. त्यांपैकीं थोडे डोळ्यांस दिसतात, बाकीचे नुसते उष्णतेचे, अदृश्य असतात. किर्चहॉफ या शास्त्रज्ञानें 1859 सालीं असा नियम दाखवून दिला कीं, जो पदार्थ ज्या जातीचे किरण चांगले शोषून घेतो, तोच पदार्थ तापला असतां त्याच जातीचे किरण चांगले बाहेर टाकतो. आतां शुद्ध थोरियमचें भस्म पाहावें. तें शुभ्र पांढरें आहे. दृश्य प्रकाश तें जवळजवळ शोषीतच नाहीं. म्हणून ज्योतींत कितीही तापलें तरी दृश्य प्रकाश तें फारसा देत नाहीं. परंतु त्याच्या अंगीं दुसरा एक गुण आहे. ज्या अदृश्य किरणांच्या वाटे तापलेल्या वस्तूची बहुतेक उष्णता निघून जाते, तेही तें फार थोडे टाकतें. उष्णता बाहेर जात नाहीं, म्हणून जाळी जवळजवळ ज्योतीइतकीच तापलेली राहते. शिवाय 3,300 अंश सेंटिग्रेडपर्यंतही तें वितळत नाहीं.

सीरियमचें भस्म पिंवळसर असतें. अर्थात् तें दृश्य किरणांपैकीं कांहीं शोषून घेतें आणि म्हणून तापल्यावर ते देऊंही शकतें. त्याचा लेशमात्र अंश थोरियममध्यें मिसळला म्हणजे तापून बसलेल्या त्या पांढऱ्या जाळीला प्रकाश बाहेर टाकण्यास जणूं एक खिडकी मिळते. पण हीच खिडकी मोठी केली, म्हणजे शेंकडा पांच किंवा दहा भाग सीरियम घातलें, तर दृश्य किरणांबरोबर अदृश्य उष्णकिरणही वाहूं लागतात, जाळी थंड होते आणि उजेड पुन्हां उतरतो. बर्लिनच्या हाइनरिश रुबेन्स यांनीं 1905 च्या सुमारास या जाळीच्या किरणांचें मोजमाप करून हें कारण स्पष्ट केलें. तात्पर्य, थोरियम नसेल तर उष्णता टिकत नाहीं आणि सीरियम नसेल तर ती दिसत नाहीं. उजेड आहे तो दोहोंच्या प्रमाणांत.

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत ही जाळी मुंबईच्या रस्त्यांवरील दिव्यांत आली, आणि तितक्याच गॅसमध्यें पूर्वीच्या कितीतरी पट शुभ्र उजेड पडूं लागला. परंतु गॅसचा नळ जेथें पोंचत नव्हता तेथेंही जाळी पोंचली, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. टांकींत पंपानें हवा भरून रॉकेल वर चढवावयाचें, तापलेल्या नळींत त्याची वाफ करावयाची आणि ती वाफ जाळीखालीं जाळावयाची, असे दिवे निघाले. आर्थर किटसन या इंग्रज संशोधकाच्या नांवावरून एका जातीला आपल्याकडे किटसनची बत्ती म्हणूं लागले. पुढें बर्लिनची पेट्रोमॅक्स आली. कोळशाच्या गॅसशीं यांचा कांहीं संबंध नव्हता, तरीही लोकांनीं त्यांस गॅसबत्तीच म्हटलें; कारण उजेड तोच होता.

या बत्तीनें शहराची आणि खेड्यांची रात्र बदलली. नाटकमंडळ्यांचे मांडव, तमाशाचे फड, कीर्तनें, सभा आणि लग्नाच्या वराती तिच्या प्रकाशांत पार पडल्या. गिरगांवांत केशवजी नाईक यांच्या चाळींत 1893 सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढें गिरगांव, परळ, लालबाग येथील उत्सव वाढत गेले, तेव्हां मिरवणुकींत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या मजुरांची रांग हें नित्याचें दृश्य झालें. उजेडांत देव आणि भक्त दिसत. उजेड वाहणारा मात्र बत्तीच्या बुडाखालच्या अंधारांत चाले. मँटल बांधणें हेंही एक कौशल्याचेंच काम होतें. रेशमासारखी मऊ पिशवी दोऱ्यानें नळीवर बांधावयाची, काडी लावावयाची; ती प्रथम काळी पडे आणि मग पांढऱ्याशुभ्र राखेची होऊन फुगे. त्यानंतर तिला बोट लागलें, बत्ती आपटली किंवा एखादा पतंग येऊन धडकला, कीं जाळीचा भुगा होई आणि मांडवांत अंधार पडे.

परंतु या जाळीचें थोरियम येत होतें कोठून? प्रथम तें नॉर्वेंतील खनिजापासून आणि नंतर ब्राझील व अमेरिका येथील मोनाझाइट नांवाच्या वाळूपासून काढीत. 1909 सालीं शोम्बर्ग नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत हेंच मोनाझाइट आढळलें. शोध घेत तो त्रावणकोरच्या किनाऱ्यावर गेला, आणि मनवलकुरिची व चवरा येथील वाळू जहाजांनीं परदेशीं जाऊं लागली. या वाळूंत थोरियमचें भस्म शेंकडा आठ-नऊ भाग असतें. ब्राझीलच्या वाळूपेक्षां ती सरस ठरली. 1914 सालीं महायुद्ध पेटतांच हा धंदा जर्मनांच्या हातून ब्रिटिशांच्या हातीं गेला; पण वाळू परदेशीं जावयाची ती जातच राहिली. वाळू आपली, तिच्यांतून थोरियम वेगळें करण्याची विद्या परक्यांची, आणि तयार मँटल पुन्हां आपल्याच बाजारांत विकत घ्यावयाचें, असा हा व्यवहार होता. कापूस परदेशीं जाऊन कापड परत येण्याचा जो अनुभव मुंबईनें घेतला होता, त्याचीच ही लहानशी आवृत्ति होय.

इकडे विजेनें आपला पाय रोवला होता. 1905 सालीं बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. 7 मे 1907 रोजीं विजेची ट्राम धांवली. 1915 सालीं टाटांची खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. उजेड ही निर्भेळ सुखाची वस्तु नव्हे, हें परळ-लालबागच्या कामगारांनीं याच काळांत अनुभविलें. विजेचे दिवे येण्यापूर्वीं गिरणी सूर्याबरोबर सुटे. दिवे लागल्यावर 1905 च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला, आणि त्याविरुद्ध कामगारांत असंतोष उसळला. 1911 च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. दिवा कोणाच्या हातीं आहे यावर त्याचा उजेड कोणाच्या कामाचा हें ठरतें. रस्त्यांवरील गॅसचे दिवे पुढें विजेपुढें मागें हटत गेले; लालबागचा कारखानाही आतां इतिहासजमा झाला आहे.

जाळीची कथा मात्र तेथें संपली नाहीं. थोरियम हें अणुशक्तीच्या दृष्टीनें मोलाचें द्रव्य आहे हें ध्यानांत येतांच मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. 1950 सालीं इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली. 1952 सालीं केरळांत अलवाये येथें वाळू फोडण्याचा कारखाना निघाला. आणि 1955 सालीं मुंबईजवळ तुर्भें येथें थोरियमचा कारखाना सुरू झाला. अणुशक्तीसाठीं उभारलेल्या या कारखान्यांतून गॅसबत्तीच्या मँटलसाठीं लागणारें थोरियम नायट्रेटही देशी कारखानदारांना मिळूं लागलें. ज्या वाळूचा उजेड पूर्वीं परदेशाहून विकत घ्यावा लागे, तो आतां घरच्या घरीं होऊं लागला. या कंपनीची मुख्य कचेरी प्रभादेवीस सिद्धिविनायकाच्या मंदिराजवळ आहे. दादरहून तेथें पायीं जातां येतें.

या उजेडाची दुसरीही बाजू सांगणें अवश्य आहे. थोरियम किरणोत्सर्गी आहे, हें 1898 सालीं श्मिट आणि मेरी क्यूरी यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. टांगलेल्या बत्तीपासून दूर बसणाऱ्याला त्याचें भय फारसें नव्हे. पण मँटल तयार करणाऱ्या कारागिरानें आणि फुटलेल्या जाळीची राख झाडणाऱ्यानें ती धूळ श्वासाबरोबर आंत घेणें बरें नव्हे. ज्यांच्या हातून हजारों मँटलें गेलीं, त्यांना ही गोष्ट कोणीं सांगितली नव्हती. पुढें कित्येक परदेशी कारखान्यांनीं थोरियम सोडून इट्रियमची जाळी वापरण्यास आरंभ केला. ज्या इट्रियमला वेल्सबाख यांनीं 1885 सालीं हातीं घेऊन दूर ठेवलें होतें, त्याच्याकडेच धंदा शंभर वर्षांनीं परत आला.

वेल्सबाख यांच्या जाळीनें शिकविलेला धडा आज निराळ्याच रूपांत आपल्या हातांत आहे. 1907 सालीं कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञानें कांचेवर कॅडमियम धातूचा अतिशय पातळ थर देऊन तो हवेंत तापविला. धातूचें भस्म झालें, थर पारदर्शक झाला, आणि तरीही त्यांतून वीज वाहूं लागली. पुढें असें आढळून आलें कीं, पारदर्शक भस्माच्या थरांत दुसऱ्या द्रव्याची मोजकी भर घातली कीं त्याचे प्रकाशविषयक आणि वीजविषयक गुण हवे तसे वळवितां येतात. इंडियमच्या भस्मांत सुमारें शेंकडा दहा भाग कथलाचें भस्म घातलें कीं, आपल्या मोबाईल फोनच्या कांचेवर असतो तो न दिसणारा, पण बोटाचा स्पर्श ओळखणारा थर तयार होतो. कथलाच्या भस्मांत किंचित् फ्लोरीन घातलें कीं कांच उजेड आंत सोडते, पण खोलींतील उष्णकिरण मागें परतविते. हे थर माणसाच्या केसापेक्षां शेंकडों पट पातळ असतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत या पातळ थरांवर दीर्घकाळ संशोधन चाललेलें आहे. तेथील एक रीत अशी, कीं धातूच्या क्षाराचें द्रावण तापलेल्या कांचेवर तुषारांनीं उडवावयाचें; उष्णतेनें क्षार फुटतो आणि भस्माचा थर मागें राहतो. द्रावणांत बुडवून पेटविलेल्या मँटलची ही धाकटी बहीणच म्हणावयाची.

बाजारांत भेसळ हा शब्द अपराधाचा आहे, आणि तो तसाच असावा; कारण तेथें भेसळ करणारा प्रमाण लपवितो. प्रयोगशाळेंत मिसळणारा प्रमाण मोजतो, लिहून ठेवतो आणि दुसऱ्याला पडताळून पाहूं देतो. दोघांच्या हातांतील चिमूट सारखीच असेल. भेद आहे तो मापाचा व सचोटीचा. अति शुद्ध केलेलें थोरियम ज्योतींत तापून मुकाट राहिलें, आणि बेसुमार सीरियम घातलेली जाळी लौकरच मंदावली. शंभरांतला एक भाग ज्यानें ओळखला, त्याच्याच हातून दिवा लागला. आणि त्या दिव्याखालीं मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनीं आपल्या रात्रीच्या सभा भरविल्या, नाटकें पाहिलीं, आणि गिरगांवच्या चौपाटीपर्यंत आपला गणपति पोंचविला.